पूर्वस्थिती : परावलंबी

आत्तीनं माझं कौतुक केलं ते माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर, आणि तेही धडधडीत खोटं.

आमच्याकडे मिरजेत सासूला आत्ती म्हणतात. माझी आत्ती म्हणजे अक्काताई मगदूम, एसटीतली कंडक्टर. सव्वीस वर्षं ती चालत्या गाडीत उभी राहिली. निवृत्तीला अठरा वर्षं झाली तरी रांगेत, देवळात, कुठंही उभी राहिली की पाय फाकवून, जमिनीचा भरवसा नसल्यासारखी उभी राहायची. तिच्या पोटऱ्या माझ्या नवऱ्याच्या पोटऱ्यांपेक्षा भक्कम होत्या. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी आमचं आमटीवरून वाजलं. कारण सांगण्याच्या लायकीचं नाही. मी म्हणाले, "एवढं असेल तर तुमचं तुम्ही करून घ्या." ती म्हणाली, "घेतो की." आमच्या भागात जुन्या बायका 'घेते, जाते' म्हणत नाहीत, 'घेतो, जातो' म्हणतात. दुसऱ्या दिवशी आत्ती गच्चीवरच्या खोलीत राहायला गेली. सोळा पायऱ्या, विजेची एक शेगडी, तीन पातेली. दूध, बाजार, धुणं, स्वयंपाक, सगळं तिचं ती. बोलणं बंद नव्हतं. मी खालून हाक मारायचे, ती वरून उत्तर द्यायची. पण एका घरात चुली दोन झाल्या होत्या.

आमच्याकडे याचा अर्थ एकच निघतो. म्हातारी आपलं आपण रांधून खाते म्हणजे सुनेनं तिला टाकली. म्हणून आम्ही ते लपवलं. विशेष करून भारतीवन्संपासून, म्हणजे माझ्या हुपरीच्या नणंदेपासून. वन्सं येणार असं कळलं की वरची शेगडी खाटेखाली जायची, आत्ती खाली येऊन बसायची आणि मी तिला गरम भाकरी वाढायचे. माझे यजमान अभिनंदन मान खाली घालून जेवायचे. त्यांना या नाटकात तेवढंच काम होतं आणि ते त्यांनी नऊ वर्षं चोख केलं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आत्तीचे पाय सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती तीन रात्री बसून झोपली आणि कुणाला बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी भरून सोळा पायऱ्या उतरून खाली आली आणि म्हणाली, "दवाखान्यात सोड मला. छातीत पानी झालंय वाटतं." पिशवी तिनं माझ्या हातात दिली नाही. रिक्षातही आपली आपण चढली.

दुपारपर्यंत तिला पलंग मिळाला आणि हुपरीहून वन्संही येऊन पोचल्या. पलंगाच्या उशाशी एक पडदा होता. त्यातून एक बाई गोड आवाजात बोलायची. त्या प्रोग्रॅमचं नाव 'विचारपूस'. पूर्वी नातेवाइकांना फॉर्म द्यायचे आणि ते घाईत कुठंही टिका मारायचे. म्हणून आता यंत्रच रुग्णाशी गप्पा मारतं आणि गप्पांतून नोंद करतं.

"आजी, घरी स्वयंपाक कोण करतं?" पडद्यानं विचारलं.

आत्तीनं माझ्याकडे पाहिलं, मग उशाशी उभ्या असलेल्या वन्संकडे पाहिलं.

"सून करती की. दुसरं कोन करनार?"

"अंघोळ तुमची तुम्ही करता का?"

"ती घालती. पाट मांडून, पाठ चोळून."

"जिना चढता का, आजी?"

"कशाला चढू? इकडची काडी तिकडं करू देत न्हाई ती मला. फुलासारखी ठेवलीया बघा."

वन्संचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. शेजारच्या पलंगावरच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. आणि मी, आठवीला विज्ञान शिकवणारी, चुकीच्या नोंदीवरून उत्तर बरोबर येत नाही असं दरवर्षी फळ्यावर लिहिणारी बाई, लाजले. खरंच लाजले, नव्या नवरीसारखी. पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली, 'पूर्वस्थिती : परावलंबी'. ती मी वाचली आणि सोडून दिली.

आता त्या पलंगाविषयी सांगायला हवं.

हृदय निकामी होतं म्हणजे ते बंद पडत नाही, दुबळं होतं. आलेलं रक्त पुढं रेटायला त्याला जमत नाही, मागं तुंबारा होतो, आणि रक्तातलं पाणी पाझरून फुप्फुसांत आणि पायांत साठतं. पूर्वी डॉक्टर वजन करून, छाती ऐकून, अंदाजानं पाणी उतरवायचं औषध द्यायचे. जास्त झालं तर मूत्रपिंडावर यायचं, कमी पडलं तर माणूस गुदमरायचा. या पलंगानं तो अंदाजाचा खेळ संपवला. हृदय रक्त वर फेकतं तेव्हा शरीराला खाली इवलासा धक्का बसतो. बंदूक उडाल्यावर खांद्याला बसतो तोच हा धक्का, फक्त फारच बारीक. गादीतल्या पट्ट्या तो मोजतात. चादरीतून जाणारा, आपल्याला कळणारही नाही असा विजेचा प्रवाह फुप्फुसांतलं पाणी मोजतो. दोन्हींचा मेळ घालून पलंग दर दहा मिनिटांनी औषध कमी-जास्त करतो. पाच वर्षांत त्या वॉर्डातले मृत्यू निम्म्यावर आले होते. हे श्रेय पलंगाचं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

पण माणूस उठला की मोजणी तुटते. म्हणून उठवायचं तर कमरेला पट्टा लागतो, छातीला फिरतं यंत्र लागतं आणि शेजारी थेरपिस्ट लागतो. साठ पलंगांना थेरपिस्ट तीन. त्यांची मिनिटं कुणाला द्यायची ते विचारपूस ठरवते. जो माणूस घरी स्वतःचं स्वतः करत होता त्याला मिनिटं मिळतात, कारण त्याला परत मिळवण्यासारखं काही आहे. जो आधीपासूनच परावलंबी आहे त्याचे गुडघे पलंगच झोपल्या जागी वाकवून देतो आणि तो पडू नये म्हणून कठडे वर ठेवतो. कागदावर वाचलं तर यात चूक सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती मोरीकडे जायला म्हणून उठली. पाय खाली टाकते तोच कठडा वर आला.

"आजी, थांबा. मदत येते आहे," पडदा म्हणाला.

"मदत कशाला? ढुंगन माझं मला धुता येतं," आत्ती ओरडली. वॉर्ड हसला. मदत आली ती लघवीची नळी घेऊन.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. शेजारच्या पलंगावरच्या त्या नांदणीच्या बाई आत्तीपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, घरीसुद्धा काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांना जुवेरिया मुल्ला नावाची थेरपिस्ट दिवसातून चार वेळा उठवायची. पट्टा बांधायची, "चला आजी, खिडकीपर्यंत," म्हणायची. आत्ती पडल्या पडल्या बघायची आणि त्यांना सूचना द्यायची, "टाच टेका, टाच!" मुल्ला मॅडम आमच्या पलंगापाशी मात्र थांबत नव्हत्या.

मी त्यांना गाठून विचारलं.

"त्या माझ्या यादीत नाहीत हो. पूर्वस्थिती परावलंबी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "घरी तुम्हीच सगळं करता ना त्यांचं?"

हो की नाही एवढंच उत्तर द्यायचं होतं. वन्सं दोन हातांच्या अंतरावर बसून मोसंबी सोलत होत्या. मी म्हणाले, "बघते, डॉक्टरांशी बोलते." आणि बोलले नाही.

यात मी सफाई देत नाही. म्हाताऱ्या माणसाचे दहा दिवस अंथरुणात गेले तर पायांतलं किलोभर मांस झडतं, हे मला माहीत होतं. तरुणाचं भरून येतं, म्हाताऱ्याचं बहुधा येत नाही, हेही माहीत होतं. पण चोवीस वर्षांत पहिल्यांदा वन्सं मला "आमची वहिनी" म्हणून लोकांना दाखवत होत्या. त्या शेजारणीला सांगत होत्या, डबा आणणाऱ्या भावकीला सांगत होत्या. मला ते हवं होतं. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. आत्तीची छाती मोकळी झाली, सूज उतरली, वजन सात किलोनं घटलं. रोज संध्याकाळी विचारपूसचा अहवाल आमच्या सगळ्यांच्या फोनवर यायचा आणि त्यात हिरवी खूण असायची. त्या सात किलोंत पाणी किती आणि पाय किती, हे त्यात नसायचं.

सातव्या दिवशी वन्सं कपडे बदलायला आमच्या घरी गेल्या, तेव्हा मी वॉर्डाच्या डॉक्टर कोऱ्यांना खरं सांगितलं. ते भले गृहस्थ, पण थकलेले.

"हे पहिल्या दिवशी का नाही बोललात?"

"आता तरी नोंद बदला," मी म्हणाले.

"नातेवाइकांच्या शब्दाला प्रोग्रॅम फार वजन देत नाही, मॅडम. सगळेच सांगतात, आमची आई पळत होती. मिनिटं मिळवायला सांगतात. आजी स्वतः म्हणाल्या तर लगेच बदलेल. विचारू या."

त्यांनी पडदा चालू केला.

"आजी, पुन्हा एकदा विचारते. घरी स्वयंपाक कोण करतं?"

आत्तीनं पडद्याकडे संशयानं पाहिलं. "हे भारतीच्या फोनवर जातं न्हवं?"

"हो आजी. तुमच्या नोंदीत काही बदल झाला तर तो सर्व नातेवाइकांना कळवला जातो."

"मग बदल कसला? सांगितलंय तेच खरं. सून करती."

मी तिच्या कानाशी वाकले. "आत्ती, अहो खरं सांगा. तुमच्या पायांचा प्रश्न आहे."

"पाय माझं हाईत, मी बघतो त्यांचं," ती हळू आवाजात म्हणाली. "घरला गेलो की चार दिसांत जिना चढतो. तू उघडी पडू नकोस. भारतीच्या तोंडाला कुलूप न्हाई, साऱ्या हुपरीत डांगोरा पिटंल. ल्योक-सुनेनं आईला वर टाकली म्हनंल. मला न्हाई खपायचं."

नऊ वर्षं मी समजत होते की आत्ती स्वतःची लाज झाकते. ती माझी झाकत होती. मला तिथंच रडू आलं आणि डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

तरीही मी आणखी दोन दिवस घालवले. आत्तीचा शब्द मोडायचा नाही असं मी स्वतःला सांगत होते. ते सोयीचं होतं. नवव्या दिवशी कँटीनमध्ये चहा पिताना मी वन्संना सगळं सांगून टाकलं. आमटी, वरची खोली, शेगडी, सगळं.

वन्संनी कप खाली ठेवला. "वहिनी, मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्सापासनं. खाटंखाली वाकलो तर शेगडी गरम. हात भाजला माझा. आई एवढं झाकतीया, म्हटलं आपन कशाला उघडा पाडायचा संसार? म्हनून गप बसलो." मग त्यांचा चेहरा बदलला. "पर त्या यंत्रानं ते खरं धरलं? आनि तू नऊ दिस गप?"

"हो."

वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि वॉर्डाकडे चालू लागल्या, आणि मी मागून.

दोन नातेवाईक एकच सांगतात म्हटल्यावर प्रोग्रॅमनं तात्पुरती दुसरी नोंद घेतली, 'नातेवाइकांच्या मते स्वावलंबी'. दहाव्या दिवशी सकाळी मुल्ला मॅडम पट्टा घेऊन आल्या. आत्ती खूश झाली. तिनं केस नीट केले, पदर खोचला.

"चला, आजी. दांडा धरा. मी तीन म्हटलं की उठायचं."

आत्ती दोनलाच उठायला गेली. ती अर्धी वर आली, मांड्या थरथरल्या आणि ती परत गादीवर बसली. तिला ते खरं वाटलं नाही. ती पुन्हा उठायला गेली. या वेळी मुल्ला मॅडमनी तिचं सगळं वजन पट्ट्यावर पेललं, तशी ती उभी राहिली, पण गुडघे मिटत होते. मी खाली बघितलं. त्या पोटऱ्यांवर कातडी सैल लोंबत होती.

"पाय कुटं गेलं गं माझं?" आत्ती म्हणाली. मला विचारत होती की मुल्ला मॅडमना, कळलं नाही. मुल्ला मॅडमनी तिला हळूच गादीवर टेकवलं.

बाहेर आल्यावर मुल्ला मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी उभं केलं असतं तर..." आणि पुढचं न बोलता यादीतल्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

तीन दिवस त्यांनी मिनिटं दिली. तेराव्या दिवशी डॉक्टर कोऱ्यांनी आम्हाला आलेख दाखवले. फुप्फुसं कोरडी, मूत्रपिंडं उत्तम, हृदय भरतीच्या दिवसापेक्षा कितीतरी चांगलं. ते मनापासून आनंदात होते, आणि मला त्यांचा राग करता येईना. आत्तीला स्ट्रेचरवरून गाडीत ठेवलं. पिशवी माझ्याच हातात होती.

घरी आल्यावर तिला खालच्या दिवाणखान्यात ठेवलं. पहिले दोन आठवडे आम्ही तिघं झटलो. अभिनंदन सकाळ-संध्याकाळ आईला काखेत धरून उभं करायचे. नऊ वर्षांत न बोललेला माणूस "अजून एक पाऊल, आई," म्हणत बोलायला लागला होता. पंधराव्या दिवशी ती त्यांच्या हातातून घसरली आणि माकडहाडावर आपटली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती उभी राहायला नको म्हणाली. आयुष्यात तिनं कशाला भिऊन नको म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता मी तिला अंघोळ घालते, पाट मांडून, पाठ चोळून. पहिल्या दिवशी तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी पाठीवर पाणी ओतत होते आणि पाण्याचा आवाज होता म्हणून रडूनही घेत होते. तिच्या ताटात मी वाढते, भाकरी कुस्करून देते. ती आता कधीच म्हणत नाही की आमटीत तिखट कमी आहे. तिनं म्हणावं म्हणून एकदा मी मुद्दाम अळणी आमटी केली. ती पूर्ण जेवली.

घरी आल्याच्या तिसाव्या दिवशी सकाळी दहाला विचारपूसचा फोन आला. घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाला तो येतो, अंदाज बरोबर निघाला की चुकला ते तपासायला. त्यातूनच तो प्रोग्रॅम शिकतो. त्या वेळी दिवाणखान्यात वन्सं होत्या, गल्लीतल्या दोघी बायका आत्तीला बघायला आल्या होत्या. मी फोन आत्तीच्या उशाशी ठेवला. दवाखान्यातून आल्यापासून तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून एकेक प्रश्न मी मोठ्यानं परत सांगत होते.

"आजी, स्वयंपाक कोण करतं?"

"सून."

"अंघोळ?"

"सून घालती."

"चालता का?"

"न्हाई."

"धन्यवाद, आजी. आपल्याकडे दोन नोंदी होत्या. भरतीच्या दिवशी तुम्ही स्वतः परावलंबी म्हणाला होता आणि नंतर नातेवाईक स्वावलंबी म्हणाले होते. तीस दिवसांनंतरची स्थिती पाहता तुमची नोंद बरोबर ठरते. नातेवाइकांची नोंद काढून टाकत आहे. यापुढे अशा प्रसंगी रुग्णाच्या शब्दावर अधिक भर दिला जाईल."

मी हे आत्तीला सांगितलं नाही. मला सांगता येईना. वन्संनी सांगितलं, तिच्या कानाशी वाकून, शब्द न् शब्द.

आत्तीनं कोपरावर जोर देऊन डोकं उचललं आणि ती फोनला म्हणाली, "ए बाई, थांब. खोटं सांगितलं मी. मी वर ऱ्हात हुतो, गच्चीवर, एकटी. नऊ वर्सं माझं मी रांधून खाल्लं. दूध मी आनत हुतो, धुनं मी धूत हुतो. सुनंनं कायबी केलं न्हाई माझं. माझं मी करत हुतो सगळं, ल्ही तू हे."

गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बघू देत. मला वाटत होतं की तिनं आणखी मोठ्यानं बोलावं. मी फोन तिच्या तोंडाजवळ नेला. "खरं आहे ते," मीही ओरडले. "त्या म्हणतात ते अगदी खरं आहे. आम्ही लपवलं होतं."

"आजी, तुम्हाला असं आठवतंय, हे मी ऐकलं," फोनमधला आवाज अतिशय मायेनं म्हणाला. "दवाखान्यातून घरी गेल्यावर काही ज्येष्ठांना मागच्या गोष्टी वेगळ्या आठवू लागतात. घाबरू नका. नातेवाइकांनी आजींना दुजोरा देऊन गोंधळ वाढवू नये. गुरुवारी अकरा वाजता स्मरणशक्तीची तपासणी ठेवली आहे. काळजी घ्या."

फोन बंद झाला. वन्संनी पदर तोंडाला लावला. आत्तीचं डोकं परत उशीवर गेलं, एवढ्यानंही तिला धाप लागली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनली गं?"

"लिहून घेतलं म्हणाली."

"सगळं?"

"सगळं, आत्ती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला कूस बदलून द्यायला सांगितलं.